रेस कमी करायची, की कारण शोधायचं?

मारुती व्हॅन 1984 मध्ये बाजारात आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. रस्त्यावरून मात्र ती गेलेली नाही. तालुक्याच्या गावात शाळेची मुलं, आठवडी बाजारात भाजीचे क्रेट, लग्नसराईत केटररची पातेली अजून तिच्यातूनच जातात. या वयाच्या व्हॅनची एक तक्रार गॅरेजमध्ये नेमाने येते: ‘रेस कमीच होत नाही.’ पाय ॲक्सिलरेटरवर नाही, गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, इंजिन चांगलं तापलेलं आहे आणि तरीही ते शांत होत नाही. मग चालक विचारतो, ‘स्लो जरा कमी करून देता का?’ मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर उचलतो, पाच मिनिटांत आवाज उतरतो, पन्नास-शंभर रुपये दिले जातात आणि गाडी निघते.

हे बरोबर आहे का, हा इथला प्रश्न आहे. वाढलेली रेस स्क्रूने उतरवायची, की ती का वाढली हे शोधायला गाडी अर्धा दिवस उभी करायची? तिसरा मार्गही हल्ली रुळला आहे. संशय येईल तो सेन्सर नवा टाकायचा, नाही जमलं तर पुढचा. तिन्ही मार्गांनी जाणारी माणसं शहाणीच असतात आणि प्रत्येकाकडे कारण असतं, म्हणून त्यांची बाजू नीट ऐकायला हवी.

स्क्रू फिरवणाऱ्या मेकॅनिकची बाजू मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याच्या दारात उभा असलेला माणूस दुपारी साडेबाराला शाळेच्या फाटकावर हजर हवा असतो. गाडी उभी राहिली की त्याचा दिवस बुडतो, वर पालकांची बोलणी खावी लागतात. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीला तो स्क्रू दिलेला आहे तो फिरवण्यासाठीच. वीस-पंचवीस वर्षांत जेट झिजतात, स्प्रिंगा सैल पडतात, रिंगा उतरतात, त्यामुळे अधूनमधून स्लो सेट करणं हा देखभालीचाच भाग आहे. ‘शोधाशोध करून मला काय मिळणार?’ असं तो विचारतो तेव्हा त्यात तथ्य असतं. पॅकिंग कुठे फुटलंय हे शोधायला दोन तास गेले आणि पॅकिंग निघालं दोनशे रुपयांचं, तर गिऱ्हाईक दोनशेच मोजतं. शोधण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

आता दुसरी बाजू. पेट्रोल इंजिनाच्या मंद चालीचा वेग ठरतो तो आत किती हवा जाते यावर. थ्रॉटलमधली चकती, जिला गॅरेजमध्ये बटरफ्लाय म्हणतात, ती जवळजवळ पूर्ण मिटलेली असते आणि उरलेल्या फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन मिनिटाला साधारण 800 ते 1000 फेरे घेतं. फेरे वाढले याचा अर्थ बहुतेक वेळा हवा जास्त जाते आहे. ती एक तर चकती पुरती न मिटल्यामुळे जाते, नाही तर चकतीला वळसा घालून कुठून तरी शिरते. स्क्रूने चकती आणखी मिटवली की एकूण हवा घटते आणि आवाज उतरतो, पण चोरवाट उघडीच राहते. मग एसी लावला, हेडलाइट लावले, सिग्नलला थांबून गियर टाकला की इंजिन बंद पडतं. चालक परत येतो, स्क्रू परत वर जातो. महिनोन्महिने हे चालतं आणि मूळ सेटिंग काय होतं हे कोणालाच आठवत नाही.

2000 च्या आसपास ओम्नीत एमपीएफआय, म्हणजे संगणकाने चालवलेली पेट्रोल फवारणी, आली आणि स्क्रूचा अर्थच बदलला, हे अनेक जुन्या हातांनी अजून मनावर घेतलेलं नाही. त्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो, आणि ते ठरवतो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून. कार्ब्युरेटरच्या गाडीत फुटक्या पाइपातून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं. दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र चोरून आलेल्या हवेनेही दाब वाढतो. संगणकाला वाटतं चालकानेच थ्रॉटल दिला, म्हणून तो त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. इंजिन थरथरत नाही, गुळगुळीत चालतं, फक्त जोरात चालतं. ‘इंजिन तर मस्त आहे, फक्त रेस जास्त आहे’ असं चालक सांगतो ते यामुळेच. अशा गाडीचा थ्रॉटलखालचा स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवून दिलेला असतो. तो हलवला की ‘थ्रॉटल पूर्ण मिटला’ म्हणजे काय, हा संगणकाचा आधारच सरकतो आणि एका दोषाचे दोन होतात.

तेव्हा शोधायचं ठरवलंच तर ते किती अवघड आहे? माझं म्हणणं असं की त्याला क्रम लागतो, महागडी यंत्रं फारशी लागत नाहीत. सुरुवात होते एका साध्या पडताळणीने: रेस खरंच जास्त आहे का? थंड इंजिन सकाळी पहिली काही मिनिटं चढ्या चालीवर चालायलाच हवं. एसी लागला की चाल थोडी वाढायलाच हवी. ओम्नीच्या डॅशबोर्डवर फेरे दाखवणारा काटा नाही, म्हणून सगळा हिशेब कानावर चालतो, आणि कान रोज ऐकलेल्या आवाजाला सरावतो. मेकॅनिककडचं टॅकोमीटर लावून, इंजिन पूर्ण तापवून, एसी आणि दिवे बंद ठेवून आकडा घ्यावा आणि कागदावर लिहावा. पुढच्या प्रत्येक पायरीला त्या आकड्याशी तुलना करता येते.

मग केबल. ॲक्सिलरेटरची केबल थ्रॉटलवरून सोडवायची आणि बोटाने लिव्हर मागे दाबून पाहायचा. फेरे उतरले तर दोष केबलचा, रिटर्न स्प्रिंगचा किंवा कडेला साचलेल्या काजळीचा. चोकची केबल असेल तर तीही पूर्ण परतते का ते बघायचं. कोकणातल्या दमट हवेत गंजून केबलच्या आतली तार आवरणात अडकते, हे तिथल्या कुठल्याही मेकॅनिकला नवीन नाही. फुकटात होणारी ही तपासणी आधी व्हायला हवी, पण बऱ्याचदा ती शेवटी होते.

केबल निर्दोष निघाली तर पुढची तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती शंभर शक्यता दोन भागांत वाटून देते. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढायचा आणि चालू इंजिनाच्या थ्रॉटलचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने पूर्ण झाकायचं. तळहात लावू नये, कार्ब्युरेटरचं इंजिन उलटं भडकू शकतं. तोंड झाकल्यावर इंजिन गुदमरून बंद पडलं, तर सगळी हवा तोंडातूनच जात होती आणि दोष थ्रॉटलच्या आसपास आहे. बंद न पडता धडपडत चालत राहिलं, तर हवा दुसरीकडून येते आहे. हाताशी रबराचा तुकडा असला की मिनिटभरात कळतं, गाडीत पाइप शोधायचे की सेन्सर.

समजा हवा दुसरीकडून येते आहे. मॅनिफोल्डवर येणारे व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पकडीने दाबायचे. ज्याच्यावर फेरे उतरतील, त्याच फांदीवर गळती आहे. पाइप ठीक निघाले तर मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीचा जोड. इथे बहुतेक जण कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा जोडांवर मारतात आणि चाल बदलते का ऐकतात. पद्धत खरी आहे, पण ओम्नीसाठी तिच्याबद्दल मला जपून बोलायचं आहे. इतर बहुतेक गाड्यांत इंजिन बॉनेटखाली, उघड्या हवेत असतं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलून फवारा मारला की पेटणारी वाफ केबिनमध्ये साठते, शेजारी तापलेला एक्झॉस्ट, आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये किंवा प्लगच्या तारेत ठिणगी. सगळी दारं उघडून, गाडी मोकळ्या जागेत ठेवून, पाण्याचा बारीक फवारा वापरला तरी पुष्कळदा काम होतं: फटीवर पाणी पडलं की फट क्षणभर बुजते आणि चाल डुचमळते. थोडा वेळ जास्त लागतो. तो द्यावा.

व्हॅक्यूम गेज असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात हवी. पुस्तकांत तापलेल्या निरोगी इंजिनासाठी 18 ते 20 इंच पारा असं वाचन दिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं आहे. उंची दर हजार फुटांनी वाढली की वाचन साधारण एका इंचाने घटतं. म्हणजे मुंबईत 18 दाखवणारं इंजिन पुण्यात 16 दाखवेल आणि महाबळेश्वरला चौदाच्या आसपास येईल. तिथे चौदा पाहून कोणी मॅनिफोल्ड खोलायला घेऊ नये.

आता उलट शक्यता: तोंड झाकल्यावर इंजिन बंद पडलं आणि केबलही ठीक आहे. एमपीएफआयमध्ये मग संशय जातो मंद चालीची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हवर, ज्याला गॅरेजमध्ये आयएसी किंवा सरळ स्टेपर मोटर म्हणतात. काजळीने तो अडकतो, हे खरं. पण तो उघडा राहतो याचं दुसरं कारण असं की संगणकानेच त्याला उघडं राहायला सांगितलेलं असतं, कारण संगणकाच्या मते इंजिन अजून थंड आहे. कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा रोध थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी असतो. वीस अंशांना सुमारे दोन-अडीच किलोओहम आणि ऐंशी अंशांना सुमारे तीनशे ओहम. त्याच्या कनेक्टरवर पावसाळ्यात हिरवा गंज चढला की गंजाचा रोध त्यात मिसळतो आणि तापलेलं इंजिन संगणकाला कोमट भासतं. तो चाल चढी ठेवतो, पेट्रोलही जास्त सोडतो. पाचशे रुपयांच्या मल्टीमीटरने हे कळतं. ते न पाहता दोन हजारांचा व्हॉल्व्ह बदलला तर रेस होती तिथेच राहते.

आणि थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनाने ते निभावून नेलं. संगणकाच्या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की महामार्गावर पाणी गरजेइतकं तापतच नाही आणि संगणक ‘थंड इंजिन’ समजून चालत राहतो. पाच वर्षांपूर्वी कोणीतरी केलेला एक झटपट उपाय आज वाढलेल्या रेसच्या रूपाने समोर येतो आणि त्यावर दुसरा झटपट उपाय केला जातो.

सुटे भाग बदलत जाणाऱ्यांची बाजूही अगदीच टाकाऊ नाही. गाडीनेच आपला दोष नोंदवायची यंत्रणा, ओबीडी, नसली तर अंदाजच करावा लागतो. भारतात ओबीडी-1 बीएस-4 सोबत 2010 मध्ये आलं आणि ओबीडी-2 2013 मध्ये. त्याआधीच्या व्हॅनला आजचा साधा स्कॅनर लावला तर बहुधा काहीच बोलत नाही. तेव्हा ज्याच्याकडे चांगला चालणारा जुना सेन्सर शेल्फवर आहे त्याने तो लावून पाहणं ही रास्त चाचणी आहे, कधी मीटरपेक्षाही लवकर उत्तर देणारी. फरक इतकाच की लावून पाहणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला विकणं वेगळं. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यातली नाना पेठ, ओम्नीचे भाग मिळतात, पण नवा म्हणून घेतलेला भाग अस्सल असेलच असं नाही. निकृष्ट सेन्सर बसवला की पुढचा मेकॅनिक ‘हा तर नवाच आहे’ म्हणून त्याला संशयातून वगळतो आणि शोध आणखी भरकटतो.

एका ठिकाणी मात्र बदलणाऱ्याने आणि शोधणाऱ्यानेही थोडं थांबायला हवं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर एमपीएफआय गाडीची रेस कधीकधी वाढते. काजळीने अडवलेली हवा मोकळी झालेली असते आणि संगणक अजून जुन्या अंदाजावर चालत असतो. काही दिवस चालवल्यावर किंवा कंपनीच्या पद्धतीने पुन्हा शिकवल्यावर ती बसते. त्या चार दिवसांत स्क्रूला हात लागला तर शिकणं चुकीच्या जागी होतं.

महाराष्ट्रातल्या शहरांत यातल्या बऱ्याच व्हॅन सीएनजीवर चालतात, आणि तिथे गुंता वाढतो तसा एक सोपा निकषही मिळतो. गाडी पेट्रोलवर घेऊन पाहा. रेस फक्त गॅसवर जास्त असेल तर दोष किटच्या सेटिंगचा. गॅसवर गाडी बंद पडू नये म्हणून बसवणाऱ्याने चाल मुद्दाम चढी ठेवलेली असू शकते. दोन्ही इंधनांवर जास्त असेल तर दोष हवेच्या वाटेत, कारण इंधन बदललं तरी हवा त्याच वाटेने येते. सीक्वेन्शियल किटमध्ये मॅनिफोल्डला भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात आणि व्हॅक्यूमच्या पाइपात टी-जोड टाकतात. ती भोकं आणि तो जोड कारखान्याचे नाहीत, म्हणून आधी तिथे पाहावं.

इथवर खर्चाची आणि वेळेची गोष्ट झाली. पण एका कारणासाठी मी स्क्रूच्या बाजूने कौल देऊच शकत नाही, आणि ते कारण म्हणजे ब्रेक. ज्या व्हॅनला ब्रेक बूस्टर आहे तिच्यात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच मिळतो. बूस्टरचा पडदा फाटला किंवा त्याचा पाइप चिरला तर हवा तिथून इंजिनात शिरते आणि रेस वाढते. तोच दोष ब्रेकची मदतही कमी करतो. चालू इंजिनावर ब्रेक दाबून धरल्यावर चाल बदलत असेल किंवा पेडलजवळ फुसफुस ऐकू येत असेल, तर ती व्हॅन मुलांना घेऊन निघता कामा नये. स्क्रूने रेस उतरवली की ही सूचना बंद होते आणि दोष तसाच राहतो. घाटातही हेच. कशेडी किंवा आंबेनळीच्या उतारावर पाय उचलल्यावर इंजिनाने गाडी धरून ठेवायची असते. हवा आत जात राहिली तर ते धरणं कमी होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पीयूसी निघाली म्हणजे सगळं ठीक, असंही मानू नये. मंद चालीवरच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो. चोरहवेने मिश्रण पातळ झालं तर तो आकडा उलट कमी येतो.

‘एवढं करायचंच कशाला, गाडी भंगारात काढा,’ असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशी मी अर्ध्यावर सहमत आहे. नव्या अपघात-सुरक्षा नियमांत ही व्हॅन बसत नव्हती, म्हणून तिचं उत्पादन थांबलं. चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये फारसं लोखंड नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, त्यावर पर्यावरण कर. तळ गंजलेला असेल, चासीला वेल्डिंगवर वेल्डिंग असेल, तर तिच्यावर एक रुपयाही घालू नये, आणि मुलांना तर तिच्यात बसवूच नये. पण वाढलेली रेस हे गाडी मोडीत काढायचं कारण होऊ शकत नाही. हा बहुतेक वेळा पाइपाचा, पॅकिंगचा, केबलचा दोष असतो. ज्याचं घर त्या व्हॅनवर चालतं त्याला दोनशे रुपयांच्या दोषासाठी चार लाखांचं कर्ज घ्यायला सांगणं मला मान्य नाही.

तेव्हा माझा कौल असा. कार्ब्युरेटरच्या गाडीत, केबल आणि ब्रेकची तपासणी झाल्यावर, दिवस निभावण्यासाठी स्क्रू फिरवायला हरकत नाही. मात्र किती फेरे फिरवला ते बिलावर लिहावं आणि गाडी परत कधी आणायची तेही ठरवावं. एमपीएफआयमध्ये स्टॉप स्क्रूला हातच लावू नये. सुटा भाग बदलण्याआधी तो बिघडल्याचा पुरावा गिऱ्हाइकाने मागावा: मीटरवरचा आकडा, नाही तर चांगला भाग लावून पडलेला फरक.

यातलं काहीही होणार नाही, जोवर आपण फक्त भागांचे पैसे देत राहू. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण गोळ्यांची किंमत विचारत नाही. मेकॅनिकने दोन तास घालवून दोनशेचं पॅकिंग शोधलं तर ते दोन तास हेच त्याचं खरं काम होतं. त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तो एक तर स्क्रू फिरवतो किंवा ज्यावर नफा आहे असा भाग विकतो. दोष एकट्या त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

व्हॅनमालकांना म्हणून सांगणं आहे: पुढच्या वेळी रेस वाढली की ‘स्लो कमी करा’ असं म्हणू नका. ‘हवा कुठून घेते ते शोधा, शोधण्याचे वेगळे पैसे देतो’ असं म्हणा, आणि ते पैसे खरोखर द्या. मेकॅनिक मंडळींनीही तपासणीचा दर फळ्यावर लिहून लावावा आणि तो मागताना संकोच करू नये.